अभिजात पंकसंगीत

सुलोचना लघाटे सकाळी पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण आणायला म्हणून निघाल्या आणि इंदूरच्या त्यांच्या मराठी मंडळाच्या दाराशीच अडल्या. दाराजवळच्या फळ्यावर पांढऱ्या खडूनं, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: ‘रविवारी सायंकाळी पाच वाजता श्रवणसंध्या. विषय : अभिजात पंकसंगीत. सादरकर्त्या : श्रीमती सुलोचना रघुवीर लघाटे (कै. रघुवीर लघाटे यांच्या संग्रहातून).’

एवढ्याशा मजकुरात दोन चुका. पहिलीला त्या रस्त्यातच मोठ्यानं हसल्या, इतक्या की शेजारून जाणाऱ्या स्कूटरवाल्यानं वळून पाहिलं. दुसरी वाचली आणि कानशिलं तापली.

पहिलीचं कारण सरळ होतं. त्यांनी चिठ्ठीवर ‘फंक’ असं लिहून दिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी पन्नास-साठ वर्षांपूर्वी उभं केलेलं, पाय आपटत ऐकायचं संगीत. फळा लिहायचं काम मंडळाचे अध्यक्ष शंकरराव मुळ्ये यांचं, आणि त्यांचा उभा जन्म शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवण्यात गेलेला. ‘फंक’ त्यांच्या कोशात नाही. ‘पंक’ आहे, म्हणजे चिखल. बाईंचा हात घसरला असणार, असं धरून त्यांनी शुद्धलेखन सुधारलं. विचारलं नाही. सुधारायच्या आधी विचारायची त्यांना सवयच नव्हती. चिखलाचं संगीत कसलं, असा प्रश्न त्यांना पडला असेलही. आजकाल काहीही असतं, म्हणून सोडून दिला असेल.

दुसरी चूक मात्र हात घसरून झालेली नव्हती. ती चांगली विचार करून, कंसात बसवलेली होती.

श्रवणसंध्या म्हणजे मंडळाचा मानाचा कार्यक्रम. दर महिन्याला एक सभासद आपल्या संग्रहातल्या जुन्या तबकड्या आणतो, त्या लावतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो. ख्याल, नाट्यगीतं, भावगीतं. आजवरचे सगळे सादरकर्ते पुरुष. बायकांना कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, फक्त कोणी विचारलेलं नव्हतं. बायकांकडे समई, पाहुण्यांची ओळख, आभार आणि चिवडा. सुलोचनाबाईंनी मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्या, नवरा गेला, आणि मंडळात अजून चिवड्यात मीठ किती हेच त्यांना विचारलं जायचं. या वर्षी त्या उठल्या आणि म्हणाल्या, “पुढची श्रवणसंध्या माझी.” सगळे इतके चकित झाले की कोणाला नाही म्हणायचं सुचलंच नाही.

आणि आता हा कंस.

रघुवीररावांचा संग्रह होता, नाही असं नाही. पण तो भावगीतांचा. या तबकड्यांशी त्यांचा संबंध एवढाच, की त्या लागल्या की ते उठून खिडक्या लावायचे. “तुझा धिंगाणा चालू दे,” म्हणायचे, “शेजाऱ्यांना मी नाही तोंड देणार.” माणूस वाईट नव्हता. कान भावगीताचा होता, त्याला काय करणार.

तबकड्या सुलोचनाबाईंच्याच, आणि त्यांची गोष्ट तबल्यापासून सुरू होते. लहानपणी त्यांच्या मोठ्या भावाला, बाळकृष्णाला, शिकवायला घरी गुरुजी यायचे. मुलीनं तबल्याला हात लावायचा नाही. मुलींना पेटी शोभते, असं वडिलांचं मत. म्हणून सुली शेजारच्या खोलीत मटार सोलत बसायची आणि ठेका मांडीवर धरायची. एकदा बाळकृष्ण तोच बोल तीनदा घेऊन समेवर यायच्या तिहाईत अडखळला आणि शेजारच्या खोलीतून मटारच्या डब्यावर ती तिहाई अचूक येऊन समेवर पडली. गुरुजी डोळे मिटून बसलेले. “शाबास, बाळकृष्ण,” म्हणाले. बाळकृष्णानं मान खाली घातली, पण ते विसरला नाही. पुढं तो डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर झाला आणि पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळ्यांना अत्तरं नि चॉकलेटं, आणि बहिणीला तबकड्यांचं जड खोकं.

“सुले, यात तबला नाही,” तो म्हणाला. “पण यात सगळेच तबला वाजवतात. गिटारवालासुद्धा. गाणारासुद्धा.”

तिनं त्याच दुपारी लावून पाहिलं. आणि मांडीवरचा हात आपोआप सुरू झाला.

तबकड्यांची इंग्रजी नावं बाईंना पाठ होती, पण घरात त्यांनी आपली नावं ठेवली. एकीच्या पाकिटावर घेरदार पाटलोणी घातलेले नऊ जण ओळीनं उभे, ती ‘हत्तीपाय’. एक ‘जांभळी’. आणि सगळ्यात लाडकी ‘घामट’, कारण तिच्या पाकिटावर गाणाऱ्याचा चेहरा घामानं थबथबलेला होता आणि तो पुसून मग फोटो काढावा असं कोणालाही वाटलेलं नव्हतं. रविवारी लावायची होती ती ‘घामट’ची पहिली बाजू. अख्खी.

दुपारपर्यंत मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फळ्याचा फोटो फिरला. मंडळाचा ध्वनिक्षेपक सांभाळणारा धनेश, राजवाड्याजवळ विजेच्या सामानाचं दुकान असलेला, त्यानं पहिला षटकार मारला: “काकू, गमबूट घालून यायचं का?” खाली कोणी इंदुरी थाटात लिहिलं, “म्हशी पण घेऊन येऊ का भिया?” लीला कर्णिक, बाईंची शाळेपासूनची मैत्रीण, तिनं तर फोनच केला.

“सुले, चिखलात लोळायला वयाची काही अट?”

“आहे. सत्तरीच्या आतल्यांना प्रवेश नाही.”

“मग मी येऊन राहिले. पण खरं सांग, हसतील ना ग सगळे?”

“हसू देत. हसायला आले तरी कान घरी ठेवून येणार नाहीत ना?”

संध्याकाळी शंकरराव स्वतः आले. दारातच चपला काढल्या, खुर्चीच्या टोकावर बसले, पाणीसुद्धा अर्धंच प्यायले.

“वहिनी, चूक झाली. मान्य. फ चा प झाला.”

“झाला खरा.”

“पण आता हसं होऊन राहिलं आहे. मंडळाचं आणि तुमचंही. तर माझं म्हणणं, विषयच बदलून घेऊ. रघुवीररावांच्या इतक्या सुंदर तबकड्या तुमच्याकडे आहेत, त्याच लावा. लोक खूष होतील. त्यांची आठवणही होईल.”

“त्यांची आठवण मला भावगीतांशिवाय येते,” बाई म्हणाल्या. “विषय तोच राहील. ‘पंक’ही राहू द्या, मला आवडला. फक्त कंसातलं पुसा.”

“कंसातलं आदरानं लिहिलंय, वहिनी.”

“आदर तुमच्याकडे ठेवा, शंकरराव. कंस पुसा.”

शंकररावांनी तो पुसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत गल्लीत शिरली, लोक बादल्या घेऊन दारात आले, आणि त्या सगळ्यांच्या देखत सुलोचनाबाईंनी रुमाल ओला केला आणि फळ्यावरचा कंस आतल्या मजकुरासकट पुसून टाकला. ‘पंक’ला हात लावला नाही.

रविवारी हॉल भरला. चिखल बघायला बरेच जण आले होते, हे उघड होतं. पुढच्या ओळीत शंकरराव, कडक इस्त्रीचा झब्बा. चिवड्याच्या डब्याशी लीला. या वेळचा चिवडा मी करणार नाही असं सुलोचनाबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, आणि लीलानं बाजारचा आणला होता.

“बाईंनो आणि भल्या माणसांनो,” सुलोचनाबाई माइक हातात घेऊन म्हणाल्या, “तुम्ही फळा वाचलात. पंक म्हणजे चिखल. मूळ शब्द फंक. इंग्रजीत त्याचा जुना अर्थ घामाचा दर्प, कुबट वास. चारचौघांत नाक मुरडावं असा. ज्यांना लोक नाक मुरडत होते, त्यांनी तोच शब्द उचलला आणि आपल्या संगीताला लावला. म्हणजे शंकररावांनी अक्षर बदललं, पण खानदान नाही बदललं.”

हशा झाला. शंकररावांनी मान किंचित हलवली. तेवढं कौतुक त्यांना चाललं.

बाईंनी सुई टेकवली. आणि लावल्या लावल्या कळलं की काहीतरी बिनसलंय. सनईसारख्या वरच्या पट्टीतली पितळी वाद्यं ऐकू येत होती, गाणाऱ्याचा आवाज येत होता, पण तळ गायब. इमारत दिसतेय आणि जमीन नाही, तसं. त्यांनी सुई उचलली.

“धनेश, बेस कुठं गेला?”

“काकू, तो फाटून राहिला होता म्हणून मी झिरोवर केला. आपण नेहमी झिरोवरच ठेवतो ना. गायकाचा आवाज साफ येतो.”

“इथं गायक साफ यायला नकोच आहे. सरक.”

त्या स्वतः वाकल्या आणि ती खुंटी उजवीकडे फिरवली, जिथं ती मंडळाच्या जन्मापासून कधी गेली नव्हती. पुन्हा सुई टेकली आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. खुर्च्यांच्या पायांतून काहीतरी वर चढलं. मागं कोणीतरी “अरे बाप रे” म्हणालं.

बाई त्यावरच बोलू लागल्या, कारण हे संगीत गप्प बसून ऐकायचं नसतंच. खालचा तो जाड आवाज ऐका, म्हणाल्या. बाकी संगीतात तो मागं उभा राहतो, भिंतीला टेकून. इथं त्याला पुढं आणून बसवलाय आणि गाणाऱ्याला सांगितलंय, तू याच्यामागं चाल. ज्या लोकांना बसमध्ये मागच्या बाकावर बसायला लावत होते, त्यांनी हे केलं, हे विसरू नका. गिटार ऐका, सूर नाही काढत, खरवडतेय, आपल्या तबल्याच्या चाटीसारखी. आणि कोण काय वाजवत नाही ते ऐका. प्रत्येकानं दुसऱ्यासाठी भोक ठेवलंय. एकानं जरी जास्त वाजवलं तरी सगळं बसेल. म्हणून यातलं एखादं गाणं उचलून चांगलं की वाईट असं सांगता येत नाही. पोह्यांतून शेव वेगळी काढून तुम्ही पोह्यांना मार्क देता का? बाजू अख्खी ऐकायची. पहिल्या गाण्यात तुम्ही वैतागता, दुसऱ्यात पाय हलतो, तिसऱ्यात तुम्ही कशाला वैतागला होता ते आठवत नाही. थोर तबकडी ती, जी एवढं करायला वेळ घेते आणि माफी मागत नाही.

“वहिनी,” शंकरराव मध्येच म्हणाले, “गाणं कधी सुरू होणार?”

“चालू आहे.”

“नाही, म्हणजे हा आलाप झाला. बंदिश?”

“हीच बंदिश. हाच आलाप. पुढं काही येणार नाही.”

पण शंकरराव जातिवंत श्रोते. नापसंत संगीतातसुद्धा सम शोधल्याशिवाय त्यांना बसवेना. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. लगेच त्यांनी तोंड वाकडं केलं. “चारच मात्रा? आणि दर आवर्तनाला समेवर धपकन? गरीब ताल आहे हो. आपल्याकडे ख्यालिया किती लांब फिरून येतो, मग समेवर येतो तेव्हा त्याचं मोल.”

“बरोबर बोललात,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच बरोबर वाटलं होतं. “ख्यालात समेवर परत यायचं असतं. परत येतो तो, ज्याला घर सोडून फिरायला मोकळीक असते. ही माणसं दर चार मात्रांना पाय रोवून सांगतात, आम्ही इथंच आहोत. हलवून दाखवा.”

पाच-सात जण उठून गेले. लीला मागून म्हणाली, “जाऊ दे ग, चिवडा पुरेल.” धनेश मात्र स्पीकरला कान लावून बसला होता आणि त्याची मान हलत होती, स्पीकर फाटतोय का बघतोय, असा त्याचा चेहरा होता.

दुसरं गाणं सरलं, तिसरं लागलं. सुलोचनाबाईंना माहीत होतं आता काय येणार. तिसऱ्या गाण्यात ऐन भरात सगळी वाद्यं एकदम थांबतात. दोन आवर्तनं पूर्ण शांतता, आणि मग सगळी एकत्र समेवर कोसळतात. त्यांनी हेही पाहिलं, की शंकरराव खुर्चीच्या टोकाशी सरकलेत आणि नेहमी बाईंकडे असलेलं आभाराचं भाषण आज त्यांच्या ओठांवर आलंय. बाईंना सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही.

वाद्यं थांबली. शंकरराव ताडकन उठले, सभेकडे वळले, हात जोडले.

“आजच्या या आगळ्यावेगळ्या—”

धडाम्! सगळीच्या सगळी वाद्यं त्यांच्या पाठीवर येऊन आदळली. शंकरराव जागच्या जागी हातभर उडाले. सगळा हॉल फुटला. लीलाच्या हातातला चिवडा सांडला. धनेश टेबलावर डोकं टेकून हसत होता.

शंकरराव लाल झाले. “धनेश, बंद कर ते!”

धनेशचं हसू मावळलं. हात बटणाकडे गेला.

“धनेश, हात खाली,” सुलोचनाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो हाच. धनेशचा हात मध्येच राहिला. दोघांकडे बघून तो म्हणाला, “सर, काकू, तुम्ही आपसात ठरवून घ्या ना. मी तर फक्त वायर लावतो.”

“वेळ संपली आहे,” शंकरराव म्हणाले.

“संपलेली नाही. तुम्हाला वाटलं संपली. तुमचं चुकलं.”

“मंडळाला काही प्रतिष्ठा आहे, वहिनी! हा गोंगाट बाहेर रस्त्यापर्यंत जातोय.”

“रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारावरून जाते, ते अख्खं इंदूर मुकाट ऐकतं. माझी एक बाजू ऐकवत नाही?”

पुन्हा हसू उठलं, पण बाई आता हसत नव्हत्या. मागं ती वाद्यं तशीच पाय रोवून उभी होती, आणि बाईंना त्यांच्या आवाजावरून बोलावं लागत होतं.

“शंकरराव, इतकी वर्षं मी इथं तुमची ओळख करून दिली, आभार मानले, चिवडा कालवला. तुमच्या एकाही तबकडीवरची सुई मध्येच उचलली नाही. आवडलं नाही तेव्हासुद्धा नाही. आणि पुष्कळदा आवडलं नव्हतं. ही तबकडी माझी आहे. माझ्या नवऱ्याची नाही, कंसातली नाही, माझी. बाजू संपेपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्हाला जायचं असेल तर दार उघडं आहे.”

हॉल गप्प झाला. म्हणजे माणसं गप्प झाली. बेस चालूच होता.

“ठीक आहे,” शंकरराव म्हणाले. “पण आभार मी मानणार नाही.”

“नका मानू.”

आणखी काही जण उठले. शंकरराव गेले नाहीत. हॉलची किल्ली त्यांच्याकडे होती. ते खुर्ची फिरवून, बाईंकडे पाठ करून बसले. राहिले ते निम्म्याहून कमी, पण त्यांनी शेवटचं गाणंही ऐकलं. त्यात लीला चक्क उभी राहिली आणि चिवड्याच्या डब्यावर ठेका धरू लागली. तिचा ठेका चुकत होता. सुलोचनाबाईंनी तिला थांबवलं नाही. त्यांनी स्वतःचा हात मांडीवरून काढून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांच्या देखत, पुरुषी म्हणून लहानपणी तबला नाकारलेल्या त्या बोटांनी, तळव्यानं, मनगटानं ठेका वाजवला. तिहाई घेतली आणि ती समेवर आणली. या वेळी खोलीत दुसरा कोणी बाळकृष्ण नव्हता, शाबासकी घ्यायला.

बाजू संपली. सुई खरखरत राहिली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा आभार न मानता कार्यक्रम संपला, आणि काही बिघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुधाची पिशवी घेऊन परतत होत्या, तर शंकरराव फळ्यापाशी उभे. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात खडू. फळा अजून पुसलेला नव्हता. त्यांना पाहून शंकररावांनी घसा खाकरला.

“एक विचारायचं होतं.”

“विचारा.”

“ती मधली गप्प जागा. मी सम बोटांवर धरली होती. चार मात्रांची, पोरखेळ. मग ती हरवली कुठं? रात्री झोप नाही लागली हो.”

“हरवली नव्हती. ती होती तिथंच होती. तुम्हीच तिच्यावर उभे राहिलात.”

शंकररावांनी त्यावर बराच विचार केला. अंगठा पेरांवरून एकदा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. “हं,” ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडून आणखी काही वदवून घेतलं नाही. सारखं कोणाला काही पटवत बसायचा त्यांना कंटाळा होता.

“वार्षिक अहवालात विषय लिहावा लागेल,” शेवटी ते म्हणाले. “फंक लिहू की पंक, सुलोचनाबाई?”

सुलोचनाबाई. वहिनी नाही. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“पंकच लिहा. तुमचाच शब्द आहे, निस्तरा. आणि खाली, सुलोचना लघाटे यांच्या संग्रहातून.”

शंकररावांनी आधी फळ्यावरच, कंस पुसलेल्या त्या जागी खडू टेकवला, सवयीनं एक वाटोळी रेघ काढायला.

“कंस नको,” सुलोचनाबाई म्हणाल्या.